नांदेड ते लातूर, धक्क्यावर

लातूर जिल्हा नव्याने झाला त्याला तेव्हा फार दिवस लोटले नव्हते. माझी पत्नी नलिनी हिचा धाकटा भाऊ मधुकर बदली होऊन तिथल्या एका कचेरीत गेला होता, आणि एकदा येऊन तर बघा, असं प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहीत होता. मी चिपळूणला हायस्कुलात गणित शिकवतो. मे महिन्याची सुट्टी लागली, तेव्हा आधी नांदेड बघायचं आणि तिथून नायगाव, देगलूर, देवणी करत लातूरला उतरायचं असं आम्ही ठरवलं. शेजारच्यांनी विचारलं, मराठवाड्यात सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नाही, तिथे उन्हाळ्यात काय बघायला जाता? मेहुण्याला, असं मी सांगितलं. गाडी आमची स्वतःची होती, जुनी, करड्या रंगाची. बारा पावसाळे तिने आमच्या अंगणातल्या फणसाखाली काढले होते. तिच्यावर माझा फार विश्वास होता, आणि तिच्यातलं मला कळतं यावर त्याहून जास्त.

नांदेड

नांदेडला गोदावरी बघितली. नदीत पाणी होतं, पण घाटाच्या शेवटच्या पायरीपासून बरंच खाली. लोक वाळूतून चालत जाऊन आंघोळ करत होते. गुरुद्वाऱ्यात पंगतीला बसलो. आमच्याकडे पंगतीत वाढपी पुढे सरकला की हात वर करून त्याला थांबवावं लागतं. इथे पोळी दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायची असते हे ठाऊक नसल्यामुळे मी ताट पुढे केलं, आणि वाढणारे वृद्ध सरदारजी पोळी धरून तसेच उभे राहिले. नलिनीने कोपराने खुणावल्यावर माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या आवारात मी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू होण्याऐवजी बॉनेटखालून टक्-टक्-टक्-टक् असा आवाज आला. पाल चुकचुकावी तसा, पण घाईघाईने. किल्ली सोडली की आवाज बंद, फिरवली की पुन्हा तेच. इंजिन जागचं हललं नाही.

नलिनीला मी समजावून सांगितलं की बॅटरीत पुरेसा जोर नसला की असं होतं. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, फिरायला खूप करंट लागतो. तेवढा मिळाला नाही की तिचा स्विच नुसता लागतो आणि सुटतो, त्याची ही टकटक. हे सगळं बरोबर होतं. लॉजच्या मॅनेजरने बाजारातला एक बॅटरीवाला आणला. त्यानेही बॅटरी उतरली असंच म्हटलं आणि नवी बसवून दिली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. त्या दुपारी आम्ही तहरी खाल्ली. हळद घातलेला, तिखट, मोकळा भात, वर तळलेली मिरची. जेवताना मी नलिनीला म्हणालो की यंत्राचं दुखणं माणसासारखं नसतं, कारण सापडलं की संपलं.

तिसऱ्या दिवशी निघायच्या वेळी पुन्हा टक्-टक्-टक्-टक्.

बॅटरीवाल्याचं दुकान त्या दिवशी बंद होतं. लॉजमधल्या चौघांनी धक्का दिला, मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला आणि गाडी सुरू झाली. मी ठरवून टाकलं की बॅटरी नवी आहे, म्हणजे दोष सेल्फमध्ये. सेल्फ खोलायला एक दिवस जाणार, ते काम मधुकरच्या ओळखीने लातूरला करू. तोपर्यंत इंजिन शक्यतो बंद करायचं नाही, आणि करायचंच तर उतारावर.

नायगावच्या पुढे

उताराचा नियम मराठवाड्यात चालवणं अवघड आहे. आमच्याकडे सपाट जागा शोधावी लागते. नांदेड सोडल्यावर मात्र जमीन हाताने सारवल्यासारखी पसरलेली होती. काळी जमीन, तिला पडलेल्या भेगा, मध्येच एखादं बाभळीचं झाड. नांगरून ठेवलेली शेतं होती, पण त्यांत माणूस नव्हता. माणसं सगळी रस्त्याच्या कडेला सापडली. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती, डोक्याला ओलं फडकं बांधून.

नायगाव मागे पडल्यावर तासाभरात इंजिन तापलं. काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. एका गावाच्या तोंडाशी थांबून इंजिन बंद करावंच लागलं. जागा अर्थातच सपाट होती. समोर पिंपळाच्या पाराजवळ घागरी, कळश्या आणि डबे यांची लांबच लांब रांग होती. टँकर अजून यायचा होता. बायका पाराच्या सावलीत बसल्या होत्या, आणि रांगेत उभी होती ती नुसती भांडी.

रेडिएटरला पाणी हवं होतं. आमच्याजवळ प्यायच्या पाण्याचा थर्मास होता, त्यात तळाशी ग्लासभर उरलेलं. त्या रांगेसमोर जाऊन गाडीसाठी पाणी मागणं मला जमेना. मी उगाच बॉनेट उघडून उभा राहिलो.

शेवटी एक बाई उठून आली. पन्नाशीची, काटक, नाकात मोठी फुली. तिचं नाव कौसाबाई हे नंतर कळलं. तिने वाफेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठून आलाव?"

मी चिपळूण म्हणालो. ते तिला ठाऊक नव्हतं. समुद्राच्या बाजूला, असं नलिनीने सांगितलं.

"पाणी पाजायचंय का हिला?"

मी मान हलवली. ती समोरच्या घरात गेली आणि चरवी भरून पाणी घेऊन आली. पाणी गढूळ होतं. भांडी घासून उरलेलं, म्हशीसाठी निवळत ठेवलेलं. ती म्हणाली की म्हैस मागच्या महिन्यात चाऱ्याच्या छावणीत नेऊन बांधली, पण पाणी निवळून ठेवायची सवय गेली नाही. इंजिन निवेपर्यंत आम्ही पारावर बसलो. आमच्या गावी पावसाळ्यात विहिरीचं पाणी काठावरून वाकून हाताने घेता येतं, असं नलिनी सांगत होती. बायका ऐकत होत्या. एकीने विचारलं की मग तिथे रांग कशाची लागते? रॉकेलची, असं मी म्हणालो, तेव्हा त्या हसल्या.

किल्ली फिरवली, टकटक झाली. न बोलावता आठ-दहा बायका उठल्या आणि गाडीच्या मागे लागल्या. मला रांगेची काळजी वाटली आणि मी तसं बोललो. कौसाबाई म्हणाली, "घागर हाय की उभी. माणूस नसलं तरी नंबर जात न्हाई." पदर खोचून त्यांनी अशी गाडी लोटली की मला क्लच सोडायचं भान राहिलं नाही आणि दहा पावलं जास्त लोटावी लागली. पाण्याचा टँकरही महिन्यातून दोनदा असाच ढकलावा लागतो, असं मागून कोणीतरी सांगितलं. थांबून आभार मानायची सोय नव्हती. नलिनीने खिडकीतून हात बाहेर काढून ठेवला, गाव दिसेनासं होईपर्यंत.

देवणी

देगलूर आणि उदगीर आम्ही इंजिन चालू ठेवून पार केलं, त्यामुळे उदगीरचा किल्ला मी लांबून पाहिला आहे, इतकंच म्हणता येईल. उदगीरपासून बोली बदलायला लागते. चहाच्या टपरीवर एकाच वाक्यात मराठी, कानडी आणि उर्दू आली आणि कुणालाच काही वेगळं झाल्यासारखं वाटलं नाही.

देवणीत मधुकरच्या ओळखीचे बसवणप्पा यांच्याकडे मुक्काम होता. त्यांचं कापडाचं दुकान, मागे घर. गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलणं अगदी हळू. ज्या गाई-बैलांना देवणीचं नाव मिळालं आहे त्यांतली एक जोडी त्यांच्या परसात होती. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, लांब खाली पडलेले कान, भारदस्त कपाळ. बाकीची जनावरं त्यांनी छावणीत पाठवली होती. ही दोन का ठेवली असं विचारल्यावर ते म्हणाले की घरात कुणीतरी मोठं असावं लागतं. जोडीला मी कडब्याची एक पेंडी घालू लागलो, तेव्हा त्यांनी हलकेच ती माझ्या हातून घेतली, अर्धी सोडवली आणि उरलेली परत वळचणीला ठेवली.

आंघोळीला एक बादली मिळाली, दोघांत. मोरीऐवजी मोठ्या परातीत बसून आंघोळ करायची आणि परातीतलं पाणी परसातल्या लिंबाला घालायचं. मी परातीत मावलो नाही, ते असो.

सकाळी बसवणप्पांच्या सौभाग्यवतींनी आतून विचारलं, "सुशीला खाणार का?" मी गोंधळलो. सुशीला म्हणजे भिजवून, पिळून फोडणीला टाकलेले चुरमुरे, वर शेंगदाण्याचं कूट आणि कोथिंबीर. कोथिंबीर त्या दिवसांत नव्हती, म्हणून वाळवलेला कढीपत्ता होता. मी दोनदा घेतली.

गाडी आदल्या संध्याकाळी एस.टी. स्टँडजवळच्या उतारावर लावून ठेवली होती. आठच्या सुमारास सामान घेऊन तिथे पोचलो, तेव्हा बसवणप्पा सोबत आले. स्टँडवर एक मुलगी आणि तिचे वडील उभे होते. मुलगी बावीस-तेवीसची, फिकट निळी साडी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. वडील साठीच्या आतले, उंच, धुऊन कडक इस्त्री केलेला पांढरा शर्ट. सातची लातूर गाडी आली नव्हती, आणि येणार नाही असं कंट्रोलरने आत्ताच सांगितलं होतं. मुलीला अकरा वाजता लातूरला मुलाखत होती. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांत टंकलेखक भरायचे होते, आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधून तिला कॉल आला होता.

बसवणप्पांनी ओळख करून दिली. वाघमारे, भीमनगरात राहतात. मुलगी सुनीता. "तुमच्या गाडीत जागा हाय," ते मला म्हणाले, प्रश्न न करता. जागा होतीच. ते दोघे मागे बसले. उतारावरून गाडी सोडली, दुसरा गिअर, क्लच, आणि आम्ही निघालो.

ओढ्यात

वाटेत मी बोलत होतो. नलिनीने ही गोष्ट नंतर मला एकदाच सांगितली, पण सविस्तर. सेल्फ कसा असतो, त्यातले कार्बन कसे झिजतात, नवी बॅटरी असल्यामुळे दोष निश्चितपणे सेल्फचाच कसा ठरतो, हे मी मागच्या दोघांना समजावून सांगत होतो. सुनीता हो सर, हो सर म्हणत होती. वाघमारे खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांना ऐकू येत नसावं हे माझ्या लक्षात आलं होतं, म्हणून मी आवाज वाढवला.

वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर रस्ता एका ओढ्यात उतरतो. दोन्हीकडे चढ आणि मध्ये फरशी. ओढ्यात पाणी नव्हतं, नुसती पांढरी वाळू. आम्ही खाली उतरत असताना समोरून गुरांचा कळप आला, छावणीकडे चाललेला. शे-दीडशे जनावरं असतील, बरगड्या मोजता याव्यात अशी. फरशीवर ती आमच्या दोन्ही अंगांनी वाहत गेली. एक बैल बॉनेटसमोर येऊन थांबला, मी ब्रेक दाबला, आणि क्लच दाबायचं राहून गेलं. इंजिन बंद पडलं.

गुरं गेली. गुराखीही त्यांच्यामागे चढ चढून गेले. मी किल्ली फिरवली. टक्-टक्-टक्-टक्.

ढकलून बघितलं. नलिनी, सुनीता आणि वाघमारे मागून, मी दार उघडून एका हाताने स्टिअरिंग धरून. सपाट फरशी वीस पावलांची, पुढे चढ. गाडीला वेग येण्याआधी चढ लागत होता आणि ती परत खाली येत होती. तीनदा केलं. नलिनी वाळूत बसली. सुनीताने घड्याळ पाहिलं. नऊला दहा कमी होते. लातूर अजून चाळीस किलोमीटरच्या वर, आणि त्या रस्त्यावर आम्हाला आतापर्यंत दोनच वाहनं भेटली होती.

मी म्हणालो की आता कोणी येईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नाही, सेल्फ इथे खोलता येणार नाही. सुनीताने मागे वळून पाहिलं. वडील लांब बाभळीखाली जाऊन पाठमोरे उभे होते. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "सर, बाबांना बघू द्या."

वाघमारे पंचवीस वर्षं एस.टी.च्या एका डेपोत मेकॅनिक होते. चार वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले. इंजिनाच्या आवाजाने, की आणखी कशाने, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पहिल्यांदा त्यांना आवाजावरून दोष सांगता येईना, मग मागून आलेली गाडी ऐकू येईना, मग त्यांनी स्वतःच नोकरी सोडली. गावात दोघातिघांनी ट्रॅक्टर दाखवायला आणले, तेव्हा ते घरात जाऊन बसले. तेव्हापासून त्यांनी पाना हातात घेतलेला नव्हता. सुनीता म्हणाली की वाटेत तिच्या दोनदा ओठावर आलं होतं, पण ते चिडले असते, आणि आजच्या दिवशी तिला ते चिडायला नको होते.

ती बाभळीखाली गेली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलली. त्यांनी मान हलवली. ती पुन्हा बोलली. मग त्यांचा आवाज आम्हाला ऐकू आला, ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा जरा मोठा.

"आवाजच येत न्हाई तर मी काय सांगू?"

"मला येतो की. मी सांगते."

ते आले, शर्ट काढला, घडी घातली आणि नलिनीच्या हातात दिला. मला त्यांनी किल्ली फिरवायची खूण केली. सुनीताने त्यांचा डावा हात उलटा धरला, आणि जसजशी टकटक होत होती तसतशी ती आपल्या बोटाने त्यांच्या तळव्यावर तशीच, त्याच वेगाने मारत राहिली.

त्यांनी डोळे बारीक केले. "एकदा टक् न्हाई. सारखं सारखं."

ती म्हणाली, व्हय, सारखं.

मग त्यांनी मला दिवे लावायला सांगितलं आणि सुनीताला पुढे उभं केलं. मी किल्ली फिरवली की दिवे लालसर होऊन जवळजवळ विझत होते, सोडली की पुन्हा पांढरे. तिने बोटं मिटून उघडून त्यांना ते दाखवलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सेल्फ बराबर असंल. त्याला करंटच पोचंना." मी सांगितलं की बॅटरी नवी आहे. त्यांना ऐकू गेलं नाही. गेलं असतं तरी फरक पडला नसता, कारण त्यांनी मला किल्ली धरून ठेवायला सांगून बॅटरीवर हात ठेवलेला होता.

एक जाड तार बॅटरीपासून सेल्फकडे जाते. तिच्यावरून त्यांनी बोटं शेवटपर्यंत नेली. मग दुसरी, बॅटरीपासून गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली अर्थची तार. तिच्यावरून बोटं हळूहळू नेली. बोल्टापाशी आल्याबरोबर त्यांनी हात झटकन मागे घेतला. मग मला बोलावून माझं बोट तिथे टेकवलं. बोल्ट चुलीवरच्या उलथन्यासारखा तापला होता.

"करंट जातो तसा परत बी यावा लागतो," ते म्हणाले. "जायचा रस्ता चांगला हाय. परत यायचा गंजलाय. तिथं अडकतो, तिथंच तापतो." नांदेडला नवी बॅटरी बसवताना ही तार जरा हलली असणार आणि म्हणून गाडी एक दिवस चालली, हे मला तेव्हा कळलं.

माझ्या डिकीत पान्यांची गुंडाळी होती. बोल्ट फिरेना. त्यांनी इंजिनातली ऑईल मोजायची सळई बाहेर काढली, तिच्या टोकाचे चार थेंब बोल्टावर सोडले आणि स्वस्थ बसले. दहा मिनिटं आम्ही सगळे त्या बोल्टाकडे बघत होतो. सुनीता घड्याळाकडे बघायची थांबली होती. मग पाना लावून त्यांनी दोन्ही हातांनी एकच झटका दिला आणि बोल्ट सुटला. खालचा पत्रा पोपडे धरून तांबडा झाला होता, तारेच्या टोकाची कडी हिरवी. त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडं पाऊस लई का?" मी दोन्ही हात डोक्यावरून खाली आणून धो धो असं दाखवलं. ते पहिल्यांदाच हसले. म्हणाले, तुमच्या पाण्याचं दुखणं हे, आमच्याकडं येऊन बाहेर पडलं.

घासायला पॉलिश पेपर नव्हता. त्यांनी फडक्यात ओढ्यातली वाळू घेतली आणि पत्रा घासायला बसले. सुनीता कडी घासायला बसली. नलिनीने आंबे कापायची सुरी दिली, तिने पोपडे खरवडले. पत्रा चांदीसारखा निघाल्यावर त्यांनी वाळू पुसली, कडी बसवली, बोल्ट आवळला आणि मला खूण केली.

इंजिन लगेच सुरू झालं. टकटक नाही, काही नाही. नलिनी टाळ्या वाजवायला लागली आणि मग तिलाच ते बरं वाटेना, म्हणून थांबली.

वाघमारे गाडीपासून हलले नाहीत. दोन्ही तळवे त्यांनी मडगार्डवर सपाट ठेवले होते आणि डोळे मिटले होते. मला वाटलं उन्हाने चक्कर आली की काय. बऱ्याच वेळाने डोळे न उघडता ते म्हणाले, "तीन नंबरचा प्लग जरा कमी मारायलाय." आणि मग, आणखी थोड्या वेळाने, स्वतःशीच, "कळतंय की."

सुनीताने तोंड फिरवलं. मी बॉनेट लावलं. त्यांनी वाळूने हात घासले, शर्ट घातला, गुंड्या लावल्या, आणि आम्ही निघालो. देवणीपासून सुरू केलेलं सेल्फविषयीचं माझं बोलणं मी पुढे चालवलं नाही.

लातूर

लातूरला पोचायला सव्वाअकरा झाले. कचेरी एका भाड्याच्या इमारतीत होती. पाटी नवी, तिचा रंग अजून वास देत होता. आतली कपाटं जुन्या जिल्ह्यातून आली होती, आणि त्यांच्यावर जुन्या जिल्ह्याचं नाव तसंच होतं. सुनीता धावत जिना चढून गेली आणि दोन मिनिटांत खाली आली. मुलाखती सुरूच झाल्या नव्हत्या. साहेब लोक टंचाईच्या बैठकीला गेले होते, दुपारी येणार होते.

मधुकरचं घर जवळच होतं, पण नलिनीने निरोप पाठवून दिला की आम्ही नंतर येतो. आवारात पन्नासेक मुलंमुली आणि त्यांची माणसं कडुलिंबाखाली बसली होती. आम्हीही बसलो. बसवणप्पांच्या घरून मिळालेल्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही चौघांनी खाल्ली. एकदा उठून वाघमाऱ्यांनी फाटकाशी उभ्या असलेल्या सरकारी जीपच्या बॉनेटला हात लावून पाहिला, तेव्हा आतला ड्रायव्हर त्यांच्याकडे बघायला लागला.

तीन वाजता नावं पुकारायला सुरुवात झाली. सुनीताचं नाव खूप उशिरा आलं. ती आत गेली आणि पाचेक मिनिटांत बाहेर आली, म्हणून मला वाटलं काही बरं झालं नाही.

ती नलिनीजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात सांगायला लागली. टायपिंगचा वेग विचारला, तालुक्याला नेमणूक दिली तर जाल का विचारलं, ती हो म्हणाली. मग एका साहेबांनी अर्ज हातात घेतला. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात तिने रेघ मारली होती. गेली चार वर्षं ती सगळ्या अर्जांत तिथे रेघच मारत आली होती. वडील नाहीत का, असं त्यांनी विचारलं. आहेत, ती म्हणाली. मग काय करतात?

"मी म्हणाले, मेकॅनिक हायत."

वाघमारे आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. काय झालं ते त्यांना कळत नव्हतं. नलिनी सुनीताला म्हणाली, "हे त्यांना सांग." ती आधी नको म्हणाली, आजूबाजूला इतकी माणसं होती. मग तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं, मोठ्याने, कारण हळू सांगून उपयोग नव्हता. कडुलिंबाखालची सगळी माणसं आमच्याकडे वळली.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नुसतं तोंडानं सांगून काय व्हतंय? जा, कागदावर लिहून ये."

ती खरंच उठली, पदर नीट केला, आणि पुन्हा जिना चढून वर गेली.